एका हाताचा गळ

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण ओळखतच नाहीत. आमच्याकडे गिझर दुरुस्त करायला आलेल्या एका माणसाने मला जुन्या अँटेनाची दांडी समजून बाजूला सारले होते. तेव्हा मीच सांगून टाकतो. मी एक जुना गळ आहे. तळ्याकाठी बसून बोटभर मासे धरणारी बांबूची काडी नव्हे बरे का! मी खोल समुद्रात कुपा धरणारा गळ आहे. कुपा म्हणजे तुम्ही दुकानातल्या डब्यावर ज्याचे नाव 'टुना' असे वाचता, तो मासा.

माझी काठी बुटकी पण जाड आहे. तिच्यावर नारळाएवढी सोनेरी चक्री बसवलेली आहे आणि चक्रीवर पाचशे मीटर दोरा. मोठा मासा ओढू लागला की दोरा तुटू नये म्हणून तो थोडा थोडा सुटावा लागतो. किती सुटायचा हे माझा ब्रेक ठरवतो. ब्रेक आवळायला आणि सैल करायला चांदणीच्या आकाराचे एक चाक आहे. शिवाय चक्रीच्या अंगाला एक छोटी खुंटी आहे. ती सरकवून ठेवली की दोरा धावताना मी ओरडतो, कर्रर्र! हाच माझा आवाज. पण मला आपणहून ओरडता येत नाही. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी ओढणारे लागते. मध्यंतरी तीन वर्षे असे कोणी नव्हते, म्हणून तीन वर्षे मी गप्प होतो. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. तेलाचा वास होता आणि कोणीतरी मला कानाशी धरून चक्री फिरवून पाहिली होती, एवढेच. पुढे एक परदेशी तंत्रज्ञ मला घेऊन उरणला आला. तो तिथल्या प्रकल्पावर दोन वर्षे होता आणि तेवढ्या काळात त्याने मला दोनदाच समुद्र दाखवला. परत जाताना सामान जास्त झाले, म्हणून त्याने मला आपल्या एका सहकाऱ्याला देऊन टाकले. सोबत नियमांचे एक पातळ पुस्तकही दिले. हा सहकारी म्हणजे पनवेलचे कृष्णकांत. तेव्हापासून मी त्यांचा झालो.

कृष्णकांतांनी मला स्कूटरला आडवे बांधून घरी आणले. वाटेत दोन रिक्षावाल्यांनी त्यांना शिव्या दिल्या. दार उघडले त्यांच्या पत्नीने, वसुंधराबाईंनी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "अहो, हे काय आणलंत? पडद्याचा रॉड सांगितला होता मी."

मला राग आला होता. पण पुढे ह्याच बाईंनी माझ्यासाठी जुन्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवली, म्हणून मी तो बोल विसरलो. म्हणजे, बराचसा विसरलो.

समुद्रावर मला नेणारा होता काशिराम. करंजा बंदरातला तांडेल, स्वतःच्या बोटीचा मालक. जाळे टाकून मासे धरणे हा त्याच्या घराण्याचा धंदा. कृष्णकांतांची आणि त्याची ओळख बंदरावर मासे घेता घेता झाली होती. त्याने मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो पोट धरून हसला.

"सायेब, या खेळन्यानं कुपा येल? तो तुमाला खेचून न्येल पान्यात, मंग वयनींना काय सांगू मी?"

पण त्या हिवाळ्यात दिवाळी उलटल्यावर एका रविवारी तो आम्हाला घेऊन गेला. किनारा दिसेनासा होईपर्यंत तीन तास बोट चालली. समुद्रातले तेलाच्या विहिरींचे फलाट आम्ही दुरूनच टाळले, कारण तिकडे जायला बंदी आहे. मग पक्षी दिसले. एकाच जागी शेकडो पक्षी पाण्यात सूर मारत होते. काशिराम म्हणाला, "खाली बारीक मासा हाय, आनि त्याच्या खाली कुपा." त्याने बोट हळू केली. कृष्णकांतांनी माझ्या दोऱ्याला पिसांचा नकली मासा बांधून मागे सोडला. कुप्याने तो गिळला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मनसोक्त ओरडलो. कर्रर्रर्र! अंगातून वारे गेल्यासारखे वाटले. कुपा इतर माशांसारखा उड्या मारत नाही. तो सरळ खाली जातो आणि जातच राहतो. अर्ध्या तासाने तो वर आला. काळसर निळी पाठ, चकचकीत पोट, शेपटीजवळ पिवळे इवलेसे पर. अकरा किलो भरला.

आता त्या पातळ पुस्तकाबद्दल सांगायला हवे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यामुळे झाला. त्यात एक नियम होता. मासा ज्याच्या गळाला लागला त्यानेच तो ओढून आणायचा. मध्ये दुसऱ्या कोणाचा हात काठीला, चक्रीला किंवा दोऱ्याला लागला, तर तो मासा धरलाच नाही असे मानायचे. अगदी शेवटी बोटीजवळ आल्यावर आकडी लावून वर घ्यायला तेवढी मदत चालते. कृष्णकांतांना हा नियम फार आवडला. ते मुळात शिस्तीचे. ऑफिसातही स्वतःचे काम कधी दुसऱ्याला देत नसत.

काशिरामच्या मात्र हे पचनी पडले नाही. तो म्हणायचा, "आमच्यात दोरीला समद्यांचे हात लागतान. पयला हात कोनाचा, ते कोन इचारतंय? मासा बोटीचा असतो, सायेब."

"तुझा बोटीचा असेल. माझा माझा आहे," कृष्णकांत हसून म्हणायचे.

दरवेळी हाच वाद आणि दरवेळी बर्फाच्या पेटीवर बसून एकाच डब्यातली भाजी-भाकरी. धरलेल्या कुप्याचे डोके काशिरामच्या घरी जायचे, कारण त्याची बायको गोदू त्याचे कालवण फार छान करायची. बाकीचा पनवेलला. वसुंधराबाई दारातच उभ्या असायच्या. त्या मुद्दाम विचारायच्या, "कोणी धरला हो?"

"मी. एकट्यानं," कृष्णकांत छाती काढून सांगायचे. मग बाई मानेने 'बरं बरं' करत कोकमाचे आगळ आणि लसूण शोधायला वळायच्या.

त्या घरात एक छोटी मुलगीही होती, अनुया. घरी आल्यावर मला न्हाऊ घालायचे काम तिचे होते. मित्रांनो, खारे पाणी आम्हाला फार वाईट. म्हणून प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने धुणे, कोरडे पुसणे, तेलाचे दोन थेंब, आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक सैल करून ठेवणे. ब्रेक आवळलेला राहिला तर आतल्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि मग कायमच्या बसतात. अनुया ही चांदणी फिरवताना म्हणायची, "आता विश्रांती हं." तिचे हात मऊ होते. ती मला नेहमी विचारायची की समुद्र कसा असतो. मला बोलता आले असते तर मी सांगितले असते.

तिने वडिलांनाही कितीदा तरी विचारले, "बाबा, मी येऊ?" ते म्हणायचे, "पुढच्या वेळी." अशा कितीतरी पुढच्या वेळा आल्या आणि गेल्या. अनुया मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली. कृष्णकांत निवृत्त झाले. आम्ही दोघे मात्र काशिरामबरोबर जातच राहिलो.

मग एका वर्षी वसुंधराबाई आजारी पडल्या. हिवाळ्याचे चांगले दिवस होते, पक्षी येत असणार, पण आम्ही गेलो नाही. मी दाराआडच्या खुंटीवर टांगलेला होतो, त्यामुळे घरातले सगळे मला ऐकू यायचे. दवाखाना, औषधे, रात्रीची जागरणे, सगळे कृष्णकांत एकटे करत होते. शेजारच्या बाई डबा घेऊन आल्या तर ते "आमचं झालंय" म्हणून परत पाठवायचे. पुण्याहून अनुयाचा फोन आला की सांगायचे, "थोडा अशक्तपणा आहे. बरी होतेय. तू तुझं काम बघ." तिला खरे सांगितले तेव्हा दोन दिवस उरले होते. अनुया आली, तेव्हा तिची आई कोणाला ओळखत नव्हती.

बाई गेल्या. घरात दोन माणसांची भांडी राहिली आणि जेवणारे एकच.

आता त्या दिवसाकडे येतो. बाईंना जाऊन आठ महिने झाले होते. दिवाळी संपली आणि अनुया पुण्याला परतण्याऐवजी दोन दिवस थांबली. ती म्हणाली, "बाबा, मला न्या ना ह्या वेळी." का कोण जाणे, कृष्णकांत हो म्हणाले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! ज्या मुलीने मला इतकी वर्षे न्हाऊ घातले, ती पहिल्यांदा माझा समुद्र पाहणार होती.

उजाडताना आम्ही करंज्याहून निघालो. पाणी शांत, गडद निळे होते. अनुया बोटीच्या टोकाशी जाऊन बसली. काशिराम तिला बोलते करत होता. गोदूने तिच्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील दिले होते. कृष्णकांत मात्र मागे माझ्याजवळ उभे होते. माझ्यावरची त्यांची पकड मला वेगळी वाटली. पूर्वी ते मला धरायचे, त्या दिवशी ते मला धरून उभे होते.

दहाच्या सुमारास पक्षी दिसले आणि थोड्याच वेळात मला असा हिसका बसला, की तसा आधी कधी बसला नव्हता. मी ओरडू लागलो ते थांबेचना. शंभर मीटर, दीडशे, अडीचशे. काशिरामने बोट फिरवली आणि ओरडला, "मोठा हाय, सायेब! लय मोठा हाय!"

कृष्णकांतांनी कमरेला पट्टा बांधला, माझा बुंधा त्यात रोवला आणि ब्रेक आवळला. झुंज सुरू झाली. त्यांनी दहा मीटर दोरा गोळा करावा आणि माशाने वीस मीटर न्यावा. पाऊण तास गेला. एक तास गेला. त्यांचा सदरा घामाने चिंब झाला. चक्री फिरवताना ते मध्येच थांबू लागले. ओठ पांढरे पडले होते. सहासष्ट वर्षांचा माणूस होता तो, मित्रांनो.

"बाबा, जरा काशिरामकाकांना द्या," अनुया म्हणाली.

"नाही."

"मग मला द्या. दोन मिनिटं बसा तुम्ही."

"हात लावू नकोस!"

तेवढ्यात लाटेने बोट कलली आणि त्यांचा पाय घसरला. ते गुडघ्यावर आले, मी कठड्यावर आदळलो. अनुया धावली आणि तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. लहानपणीचे तेच हात. मी त्यांना लगेच ओळखले. तिने धरले नसते तर मीही गेलो असतो आणि कदाचित कृष्णकांतही.

ते धडपडत उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सोड! सोड म्हटलं ना! सगळं बिघडवलंस. आता हा मासा माझा राहिला नाही."

अनुयाने हात काढून घेतले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आईच्या वेळीसुद्धा असंच केलंत, बाबा. तेव्हाही मला हात लावू दिला नाहीत."

कृष्णकांतांनी आमिषाच्या पाटीवर पडलेली सुरी उचलली आणि माझा दोरा कापला. टक्क असा आवाज झाला. दुसऱ्या टोकाला इतका वेळ जो होता, तो एकदम नाहीसा झाला. तो मासा तोंडात नकली माशाचा काटा आणि मागे दोनशे मीटर दोरा घेऊन खोल निघून गेला. त्याचे पुढे काय झाले असेल ह्याचा विचार मी अजूनही करतो. कुप्याला थांबता येत नाही, थांबला की त्याचा श्वास बंद होतो, असे काशिराम एकदा म्हणाला होता.

परतीचे तीन तास अनुया बोटीच्या टोकाशी पाठ करून बसली होती. बंदर दिसू लागल्यावर काशिराम एवढेच म्हणाला, "मासा ग्येला तं जाव दे, सायेब. पोरगी बोलत नाय, ती बगा."

पण कृष्णकांतांनी बघितले नाही. त्याच संध्याकाळी अनुया पुण्याच्या बसमध्ये बसली. आणि कृष्णकांतांनी मला न धुता, न पुसता, ब्रेक आवळलेलाच ठेवून माळ्यावर टाकले.

माळ्यावर माझ्या शेजारी एक बंद पडलेला मिक्सर होता, एक चाक तुटलेली बॅग होती आणि वसुंधराबाईंच्या गौरीचे मखर होते. मिक्सर फार बडबड्या. त्याला वाटायचे, आज ना उद्या त्याला कोणी खाली घेईल. मला तसे वाटायचे बंद झाले. अंगावर मीठ सुकले होते. पहिल्या पावसाळ्यात ते ओले झाले आणि मला खाऊ लागले. दुसऱ्या पावसाळ्यात चक्रीवर हिरवट डाग पडले. आतल्या चकत्या एकमेकींना घट्ट चिकटत चालल्या होत्या आणि मला ते कळत होते. दुखत होते असे म्हणणार नाही. पण आपण कोणालाच नको आहोत, हे रोज नव्याने कळणे दुखण्यापेक्षा वाईट असते.

माळ्याच्या दाराला फट होती. तिच्यातून मला घर ऐकू यायचे. सकाळी एक कप चहाचा आवाज. दुपारी टीव्हीवरच्या बातम्या. उरणच्या बाजूने वारा आला की खाडीचा वास यायचा आणि मी उगीच सावध व्हायचो. हल्ली तर विमानांची घरघरही येऊ लागली होती. दर रविवारी अकरा वाजता फोन वाजायचा.

"कशी आहेस... म्हणजे कसे आहात, बाबा?" आई गेल्यावरही पहिल्यांदा तिच्या तोंडून आईला विचारायचे तेच यायचे.

"मजेत. तू?"

"मी पण."

"बरं. ठेवतो."

दोन मिनिटेसुद्धा होत नसत. मग कृष्णकांत बराच वेळ खुर्चीतच बसून राहायचे. उठताना करकरणारी ती खुर्ची करकरायची नाही, म्हणून मला कळायचे.

एकदा काशिराम आला. नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. तो सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घेऊन आला होता. चहा झाल्यावर त्याने विचारले, "सायेब, तुमचा तो खेळना कुठं हाय? चला यंदा."

"मोडला तो," कृष्णकांत म्हणाले.

मोडला! मी मोडलो नव्हतो हो! मला ओरडून सांगायचे होते. पण मला ओढणार कोण?

गेल्या मे महिन्यात खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग शेजाऱ्यांची धावपळ, मग चार दिवस घराला कुलूप. कृष्णकांत परत आले तेव्हा त्यांचे बोलणे ठीक होते, पण उजव्या हातात बळ राहिले नव्हते. अर्धांगवायूचा हलका झटका आला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अनुयाला कळवते मी."

"अजिबात नाही," कृष्णकांत म्हणाले. "माझं मी बघीन."

आणि रविवारी अकरा वाजता ते फोनवर म्हणाले, "मजेत."

मित्रांनो, त्या दिवशी मला त्यांचा खरा राग आला. आणि दयाही आली. आम्हा दोघांचे ब्रेक आवळून राहिले होते.

घरकामाला ललिता येऊ लागली. आपटा गावाजवळच्या डोंगरातल्या वाडीवरची. आधी वीटभट्टीवर काम करायची, आता पनवेलला चार घरची कामे करते. ती येताना मोठ्याने बोलत यायची, त्यामुळे घरात जरा जीव आला. दसऱ्याच्या आधी तिने माळा आवरायला काढला. मिक्सर खाली गेला. बॅग गेली. मग तिचा हात माझ्यावर पडला.

"काका, ही लोखंडाची काठी टाकू का भंगारात?"

कृष्णकांत खुर्चीतून उठून आले. त्यांनी मला पाहिले आणि जागीच उभे राहिले. माझे ते हिरवे डाग, ते पांढरे मीठ. "दे इकडे," ते म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने माझा दोरा ओढून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. मी सगळे बळ लावले, पण आवाज फुटेना. मग त्यांनी मला मांडीवर आडवे घेतले आणि ब्रेकची चांदणी फिरवायचा प्रयत्न केला. पण ती फिरवायला काठी घट्ट धरावी लागते. एक हात काठीला, एक चांदणीला. त्यांचा उजवा हात माझ्यावरून पुन्हा पुन्हा घसरत होता. काठी त्यांनी काखेत दाबून पाहिली, गुडघ्यांत धरून पाहिली. तीनदा मी खाली पडलो.

ललिता बघत होती. ती पुढे झाली. "धरू का मी?"

"नको! हात लावू नकोस!"

ललिता दचकून मागे सरली. "अगो बाई! मी काय खातंय का त्याला?"

कृष्णकांतांना मात्र बोटीवरचे स्वतःचेच शब्द पुन्हा ऐकू आले होते. खूप वेळ ते मला मांडीवर घेऊन बसले. ललिता झाडून, पुसून, निघून गेली. नंतर त्यांनी फोन घेतला. रविवार नव्हता, अकराही वाजले नव्हते.

"बाबा? काय झालं?" अनुयाचा आवाज घाबरलेला होता.

"काही नाही. म्हणजे... अनू, तो गळ आहे ना. त्याचा ब्रेक बसलाय. मला एकट्याला निघत नाही." ते थांबले. "माझा उजवा हात चालत नाही. जरा हात लावायला येतेस?"

अनुया एकदम म्हणाली, "हात चालत नाही म्हणजे? कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

ती रडली की रागावली, ते मला कळले नाही. पण शनिवारी सकाळी ती दारात होती. आल्या आल्या तिने वडिलांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "पाच महिने, बाबा? पाच महिने मला मजेत सांगत होतात? इतकी परकी आहे मी?"

"नाहीस," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरले. कोमट पाणी आणले, तेल आणले. तीन वर्षांचे मीठ अनुयाने जुन्या टूथब्रशने घासून काढले. मग तिने मला गुडघ्यांत घट्ट धरले आणि कृष्णकांतांनी डाव्या हाताने चांदणी फिरवायला घेतली. ती हलेना. अनुयाने विचारले, "लावू हात?"

ते म्हणाले, "लाव."

तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. आतमध्ये कट्कन काहीतरी सुटले आणि चांदणी फिरली. अनुयाने दोऱ्याचे टोक घेतले आणि ती चालत निघाली. हॉलमधून, स्वयंपाकघरावरून, थेट गॅलरीपर्यंत. आणि मी ओरडलो. आवाज घोगरा होता, अडखळत होता, पण माझाच होता. कर्र... कर्रर्र! शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या.

दोरा हातात धरून अनुया गॅलरीच्या दारात उभी होती. मला धरून बसलेले कृष्णकांत तिथूनच म्हणाले, "तुझ्या आईला तुला भेटायचं होतं, अनू. शेवटच्या महिन्यात रोज विचारायची. मीच म्हणायचो, थोडी बरी हो, मग बोलावू. मला वाटत होतं, मी एकटा तिला ओढून परत आणीन."

अनुया तिथेच खाली बसली आणि खूप रडली. कृष्णकांतही रडले. माझा दोरा दोघांच्या मध्ये ताणलेला होता, त्यामुळे दोघांचेही हुंदके मला कळत होते. मग ती दोरा गोळा करत करत त्यांच्याजवळ आली.

मी पुन्हा समुद्रावर गेलो, असे तुम्हाला सांगायला मला आवडले असते. पण माझ्या आतले एक दातेरी चाक मिठाने कुरतडून टाकले आहे. तसे चाक आता कुठे मिळत नाही. मोठा मासा मला झेपणार नाही. म्हणून दिवाळीनंतरच्या रविवारी दोघे गेले ते मला घरी ठेवूनच. काशिरामने हाताने ओढायची साधी दोरी घेतली होती.

मला खिडकीजवळच्या खुंटीवर टांगले होते. सबंध दिवस मी एकटा होतो. हे एकटेपण माळ्यावरच्या एकटेपणापेक्षा कमी होते का? खरे सांगायचे तर नाही. समुद्राचा दिवस होता आणि मी घरात होतो. पण अंग स्वच्छ होते, आणि ब्रेक सैल होता. तेवढ्यासाठीच मी तुम्हाला विनवतो, मित्रांनो. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल, तर काम झाल्यावर तिला धुवा, पुसा. रागाच्या भरात तिला माळ्यावर टाकू नका, कारण राग ओसरतो, पण तोवर मीठ आपले काम करून गेलेले असते. आणि एखादी गोष्ट एकट्याने सुटत नसेल तर लवकर हाक मारा. माझे चाक तीन वर्षे वाट पाहू शकले नाही.

संध्याकाळी जिन्यात पावले वाजली. ललिता भाकऱ्या थापत होती, ती पिठाच्या हातांनीच दार उघडायला गेली. तिच्या मागून खारा वास आत आला. अनुयाचा चेहरा उन्हाने रापला होता आणि तिच्या तळहातांवर दोरीचे वळ होते. कृष्णकांतांच्या डाव्या हातावरही तसाच वळ होता. पिशवीत एक कुपा होता, लहानसाच, जेमतेम चार किलोचा. त्याचे डोके नव्हते. ते रीतसर गोदूकडे गेले होते.

ललिताने पिशवीत डोकावून विचारले, "कोनी धरला हो, काका?"

कृष्णकांतांनी सवयीने छाती पुढे काढली. तोंड उघडले. मग त्यांनी अनुयाकडे पाहिले, आणि क्षणभर त्या दाराकडे, जिथे वसुंधराबाई उभ्या राहायच्या.

"आम्ही," ते म्हणाले.